श्वास चालू ठेव: झाडीपट्टीतून फुवाहमुलाहच्या शार्कपर्यंत

शार्कसोबत डाइव्ह करायचं असेल तर आधी कान तयार करावे लागतात, धाडस वगैरे नंतर. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. कानाच्या पडद्यामागची हवा आकसते, पडदा आत ओढला जातो आणि कळ थेट डोक्यात जाते. त्यावर उपाय म्हणजे नाक चिमटीत धरायचं आणि हलकेच फुंकर घालायची. आत ‘टक्’ झालं की पुढे उतरायचं, नाही झालं तर हातभर वर येऊन पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून राहायचं.

यातलं अर्धं मला डाइव्हिंगच्या कोर्सच्या आधीच येत होतं, कारण आमच्या घरात ते सगळ्यांनाच येतं. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, झाडीपट्टीत, धानाच्या बांध्या आणि मामा तलावांच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजवटीच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा सरकारकडे गेले. मासेमारीचा ठेका आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि बाबा तिचे जुने सभासद. जाळं बुडालेल्या खुंटात अडकलं की बाबा डोंग्यावरून सरळ खाली जायचे. तुडूमाजवळ, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या तोंडाजवळ, पाणी सगळ्यांत खोल. तिथे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं, कान दुखला की नाक दाबून फुंक मार. तळाशी हात दिसत नाही इतकं गढूळ, सगळं काम बोटांनी चाचपून करायचं. ह्या गढूळ पाण्याने पुढे माझं फार भलं केलं.

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तारकर्लीला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तिथे आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही, नागपूरहून गाड्या बदलत का होईना जाता येतं. विदर्भातल्या कुणाला शिकायचं असेल तर मी अजूनही तिचंच नाव सांगते. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा दिवाळीनंतरचा बेत करावा.

शार्क मी आधी मेलेला पाहिला. मालवणच्या बंदरावर लिलावात मोरी मांडली होती. कोकणात लहान शार्कला मोरी म्हणतात, तिचं कालवण आवडीने खातात. मासे विकणाऱ्या घरातली मुलगी मी, मेलेल्या माशाचं मला काही वाटत नाही. पण त्या मोरीच्या अंगावरून हात फिरवला आणि थांबले. डोक्याकडून शेपटीकडे हात गुळगुळीत गेला, उलट फिरवला तर पॉलिश पेपर. तिच्या कातडीवर खवले नसतात, दातांसारख्याच घडणीचे बारीक कण असतात, एका दिशेने बसवलेले. पाणी त्यांच्यावरून कमी अडथळ्याने सरकतं. आतला सांगाडा हाडांचा नाही, कूर्चेचा. आमच्या मरळ-वाघूरच्या जगात असा देह नाही. हा प्राणी चालताना कसा दिसत असेल, ते पाहायचं मी तिथेच ठरवलं.

कोर्सआधी वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. दमा आहे का, फिट येते का, छातीचं ऑपरेशन झालंय का, कान, हृदय, मधुमेह अशी लांब यादी असते. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरची सही लागते. आमच्या भागातल्या लोकांनी त्यात एक गोष्ट स्वतःहून तपासावी, ती म्हणजे सिकलसेल. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा ह्या पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे ते मी रोज टेबलावर पाहते. सिकलसेलचा आजार असलेल्याने डाइव्हिंग करू नये. ऑक्सिजन कमी पडला, शरीर थंड पडलं, पाणी कमी झालं की लाल पेशी वाकतात आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. जो फक्त वाहक आहे त्याला बंदी नाही, पण डाइव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरशी बोलूनच जावं. मी माझं इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे सिकलसेल शोधणारी रक्ततपासणी, करून घेतलं. ए-ए पॅटर्न आला, म्हणजे आजारही नाही आणि वाहकही नाही, मग फॉर्मवर सही केली.

पोहायची परीक्षा सोपी गेली. दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटं तरंगणे ही अट आहे, वेळेची घाई नाही. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर फेकायचं असतं. शहरातून आलेली मुलं त्याला घाबरत होती. डोळ्यांना पाणी लागलं, काही दिसेनासं झालं की हातपाय झाडायची. मला न दिसण्याची सवय होती, मी शांत बसून होते.

माझी लढाई श्वासाशी झाली. आमच्याकडे पाण्याखाली जायचं म्हणजे दम धरायचा. जो जास्त दम धरेल तो चांगला ढिवर. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीही अडवायचा नाही. टाकीतली हवा आपल्याला भोवतालच्या दाबाने मिळते. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास तसाच धरून वर आलं, तर दाब निम्मा होतो आणि छातीतली हवा दुप्पट फुगते. फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोलही जावं लागत नाही, डोकंभर पाणीही पुरतं. मला हे वाचून लगेच पटलं, पण शरीराला पटेना. तोंड पाण्याखाली गेलं की गळा आपोआप बंद. प्रशिक्षक समोर गुडघ्यावर बसून हाताने खूण करायचे, आत घे, बाहेर सोड, आत घे, बाहेर सोड. बाहेर सोडताना मी मनात बाराखडी म्हणू लागले. क पासून ज्ञ पर्यंत बुडबुडे सोडत राहायचं. ही युक्ती कुणी शिकवली नव्हती, पण तिने माझा गळा उघडला.

गावी परत आल्यावर बाबांना सांगितलं तेव्हा ते जाळ्याच्या गाठी बांधत होते. म्हणाले, “म्या तुले दम धराले शिकवलं, अन् ते म्हनते दम सोड. मंग खरं काय पोरी?” मी म्हटलं, तुमची हवा वरून घेतलेली, माझी खालीच मिळालेली. तुमची हवा वर येताना आपल्या मूळ मापावर येते, माझी मापाबाहेर जाते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “बरोबर हाय.” पाण्याच्या बाबतीत बाबांना एकदाच सांगावं लागतं.

पुढचा सगळा हिवाळा सराव तलावात. तलाव पावसाळ्यानंतर भरलेला असतो, उन्हाळ्यात मात्र मधे चिखल उरतो. ड्युटी संपली की मी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जायची. मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स एवढंच स्वतःचं घेतलं होतं. फिन्स घालून कंबरेतून पाय चालवायचे, गुडघ्यातून सायकल मारायची नाही. पारीवर धुणं धुणाऱ्या बायका सुरुवातीला बघत बसायच्या, मग प्रश्न विचारू लागल्या. एकीने बाजूला घेऊन विचारलं, “पाळीच्या दिवसांत जाशीन तर तो मासा वासानं येईन ना?” हा प्रश्न पुढे मला नागपूरच्या शिकलेल्या मैत्रिणींनीही विचारला, म्हणून इथे सांगते. पाळीमुळे शार्क हल्ला करतो असा कुठलाही पुरावा नाही. बायका वर्षानुवर्षे ह्या दिवसांत डाइव्ह करतात. दुखत असेल, थकवा असेल तर जाऊ नये, एवढंच.

पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स अंदमानात स्वराज द्वीपला केला, कारण त्याने तीस मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते आणि मला जायचं होतं तिथल्या केंद्राने तेच मागितलं होतं. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, म्हणून कमरेला शिशाची वजनं जास्त लागतात. आमच्या तलावातल्या अंदाजाने चालत नाही. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली आणि मधे एकाच पातळीवर स्थिर राहणं हे ज्याला जमलं त्यानेच शार्ककडे जावं. जो हात मारून मारून तोल सांभाळतो त्याचं लक्ष शार्ककडे नसतं, आणि शार्कचं मात्र त्याच्याकडे असतं.

फुवाहमुलाह हे मालदीवचं दक्षिणेतलं बेट, विषुववृत्ताच्या थोडं खाली. मालदीवची बेटं बहुतेक प्रवाळांच्या कड्यात असतात आणि आत उथळ, शांत पाणी असतं. हे बेट एकटं आहे, कडं नाही, आडोसा नाही. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ सरळ खोल महासागरात उतरतो. म्हणून मोठे शार्क इथे माणसांच्या वस्तीच्या एवढे जवळ येतात. नागपूरहून आधी बेंगळुरू, मग माले, आणि मालेहून सव्वा तासाचं छोटं विमान. भारतीयांना व्हिसा विमानतळावरच आणि फुकट मिळतो, फक्त प्रवासाआधी एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. स्थानिक लोकवस्तीचं बेट आहे, दारू नाही, गावात अंगभर कपडे घालून फिरायचं, शुक्रवारी दुपारी सगळं बंद. मला ह्यात काही जड गेलं नाही.

बेट पाहून मी चकित झाले ती दुसऱ्याच कारणाने. मधोमध गोड्या पाण्याची दोन तळी आहेत, बंदारा किलही आणि धडिमगी किलही. सखल ओल्या जागेत अळूची शेती, बाजूला केळी आणि आंबे. बायका चिखलात उभ्या राहून अळूचे कांदे काढत होत्या. मी उन्हात तिथेच उभी राहून बराच वेळ बघत राहिले. 2020 साली युनेस्कोने ह्या बेटाला जैवमंडळ राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, तो समुद्रासोबत ह्या तळ्यांमुळेही.

डाइव्हच्या आधीची सूचना अर्धा-पाऊण तास चालली. स्थानिक गाइड फळ्यावर बंदराचं तोंड काढून दाखवत होता. टायगर शार्क पाहायची जागा अगदी बंदराच्या तोंडाशी, दहा मीटरच्या आसपास खोलीवर आहे. नियम असे: पाण्यात उडी मारली की वर रेंगाळायचं नाही, लगेच एकत्र खाली. पृष्ठभागावर हातपाय झाडणारा जीव शार्कला जखमी वाटतो. अंगावर काहीही पांढरं किंवा चमकणारं नको. हात छातीशी, बोटं दाखवायची नाहीत. रांग सोडायची नाही, रांगेच्या मागे जायचं नाही. तो जवळ आला तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यात बघत राहायचं. टायगर शार्क दबा धरणारा आहे. तुम्ही पाहताय हे त्याला कळलं की त्याचा बराचसा रस संपतो.

मी वहीत लिहायचं थांबवलं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तेंदूपत्त्याच्या हंगामात, मोहफुलं वेचताना, पहाटे तलावावर जाताना आमच्याकडे मुलांना हेच शिकवतात. वाघ समोर आला तर पळू नको. वाकून बसू नको, वाकलेलं माणूस त्याला जनावर दिसतं. त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे सरक. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी माणसं वाघाने जातात, माझ्या ओळखीच्या घरांतून गेली आहेत. म्हणून ‘शार्क बिचारा निरुपद्रवी’ असं मी लिहिणार नाही. जगभरात वर्षाला शार्कने विनाकारण चावा घेतल्याच्या घटना सत्तरच्या आसपास नोंदल्या जातात आणि त्यात मरण पावणारे थोडे असतात. पण माणसावर हल्ला करणाऱ्या जातींत टायगर शार्क वरच्या तीनांत आहे. त्याच्या घरात जायचं तर त्याच्या रीतीने जायचं. गाइडचं बोलणं ह्याच भाषेत होतं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला.

बोट पाच-दहा मिनिटांतच थांबली. मास्क, हवा, वजनं, पट्टे जोडीदाराने तपासले, मी त्याचे तपासले. टाकीत हवेचा दाब दोनशे बार. उडी मारली, हवा सोडली, नाक दाबलं, खाली. पाणी इतकं स्वच्छ की उतरतानाच तळावरचे दगड मोजता यावेत. आम्ही दगडांच्या ओळीमागे रांगेत बसलो, पाठीशी उतार, समोर खुला निळा समुद्र. दोन्ही टोकांना गाइड, हातात काठ्या. समोर एक जण दगडांच्या खाली ट्यूनाची डोकी कोंबून मागे सरकला.

पहिली मादी उजवीकडून आली. आधी नुसती सावली, मग चौकोनी, बोथट नाक. पाण्याखाली वस्तू एक तृतीयांश मोठ्या दिसतात हे मला पाठ होतं, तरी छाती आवळली. चार मीटरची मादी पाच मीटरच्या वर भासत होती. पाठीवरचे पट्टे फिकट झालेले, वय वाढलं की ते असेच विरतात. पोटाखाली चिकटलेले रेमोरा मासे. तिला कसलीच घाई नव्हती. भरल्या बंडीचे बैल वळणावर जसे अंदाज घेत वळतात, तशी ती रुंद वळण घेऊन दगडांवर आली. मग मान खाली घालून जबडा दगडाच्या फटीत घातला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, दातांचा दगडावर करकर आवाज. चावताना डोळ्यावर खालून पांढुरकं पातळ झाकण सरकलं आणि क्षणभर तो डोळा आंधळा झाला. भक्ष्य तडफडलं तर डोळा सांभाळायची ती सोय आहे. डोकं दोन्ही बाजूंना हिसडलं, माशाचं डोकं निघालं, आणि दगड पुन्हा जागेवर बसला.

मग दुसरी आली, तिसरी आली. एका वेळी किती होत्या ते मी मोजायचं सोडून दिलं. एकदा टाकीवर धातू आपटल्याचा ठणठण आवाज आला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जातो, दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि कुठून आला ते कळत नाही. म्हणून आवाज आला की डोकं सावकाश सगळीकडे फिरवायचं, हे सांगितलेलं होतं. डावीकडे पाहिलं तर एक मादी रांगेच्या बाजूने, तळाला घासत, सरळ माझ्याकडे येत होती.

माझा गळा बंद झाला. तलावातला जुना गळा. छातीत हवा अडकली तशी मी दगडावरून किंचित वर उचलली जाऊ लागले, आणि तिथे वर जाणं म्हणजे रांगेतून सुटणं. क, ख, ग. बुडबुडे निघाले, गुडघे पुन्हा तळाला टेकले. मी सरळ झाले आणि तिच्या डोळ्यात पाहिलं. मोठा, काळा, गोल डोळा, आणि तो फिरतो. तिने माझ्याकडे पाहिलं ह्यात मला शंका नाही. तिच्या नाकावर बारीक काळी छिद्रं दिसली, ज्यांतून तिला दुसऱ्या जीवाच्या स्नायूंतली वीज जाणवते. माझं हृदय किती जोरात चाललंय ते तिला माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त कळत असावं. हाताच्या अंतरावर गाइडची काठी तिच्या नाकाशी आली, टोचली नाही, नुसती आडवी धरली. ती वळली. शेपटीने ढकललेलं पाणी माझ्या छातीवर आदळलं.

वर यायची खूण झाली तेव्हा सगळे एकत्र निघालो, पाठीला पाठ लावून, नजर खाली. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं चुकवलं नाही. बोटीवर आल्यावर मला रडू आलं. भीतीचं नव्हतं, एवढं सांगते. इतक्या मोठ्या जीवाने मला इतक्या जवळून पाहिलं आणि सोडून दिलं, त्याचं होतं.

संध्याकाळी गाइडशी बोलत बसले. इथल्या टायगर शार्कांची अंगावरच्या खुणा आणि परांच्या कडा पाहून ओळख ठेवतात. ताडोब्यात कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात तेच काम. आत्तापर्यंत दोनशेहून जास्त वेगवेगळे टायगर शार्क ओळखले गेले, त्यात बहुतेक माद्या, पुष्कळशा गाभण. बंदरात ट्यूना साफ करणारे कोळी टाकाऊ भाग तोंडाशी फेकतात, त्याने त्या इथे येत राहिल्या. पर्यटक नंतर आले.

मला त्या ट्यूनाच्या डोक्यांबद्दल बोलायचं होतं आणि मी बोलले. आमच्याकडे शिकारीच्या काळात वाघासाठी आमिष म्हणून हेला, म्हणजे रेडा, बांधायचे, त्याला गारा म्हणत. आज जंगलात वन्यप्राण्याला खायला घालणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे, कारण माणूस आणि खाणं ह्यांची जोडी प्राण्याच्या डोक्यात बसली की त्याची किंमत पुढे कुणीतरी भलताच मोजतो. बहुतेक वेळा शेतावर जाणारी बाई. गाइडचं म्हणणं असं की बंदराचा टाकाऊ माल इथे येतच राहणार, आम्ही फक्त तो दगडाखाली ठेवतो म्हणजे शार्क खाली राहतो आणि वेळ ठरते. त्याचा मुद्दा मी समजू शकते, पण मला तो पटलेला नाही. कोळ्यांचं टाकाऊ टाकणं हा त्यांचा रोजचा व्यवहार आहे, आणि आम्हाला दिसावं म्हणून ठेवणं हा गारा आहे.

म्हणूनच मला जास्त जवळची वाटते ती दुसरी डाइव्ह, थ्रेशर शार्कची. पहाटे, जेमतेम उजेडात, तीस मीटरच्या जवळ. मालदीवमध्ये हौशी डायव्हरना त्याखाली जायला कायद्याने बंदी आहे. लाल रंग ह्या खोलीवर उरत नाही, सगळं निळं-करडं. थ्रेशर एरवी खुल्या समुद्रात असतो आणि सकाळी कड्यावर छोट्या माशांकडून अंग साफ करून घ्यायला येतो. त्याची शेपूट जवळपास बाकीच्या शरीराएवढी लांब असते आणि तिच्या फटक्याने तो मासे बेशुद्ध करतो. मोठे डोळे, लहान तोंड, बुजरा स्वभाव. आम्ही कड्याला चिकटून, बुडबुडेही जपून सोडत बसलो होतो. एक आला, एक वळसा घातला, गेला. खोलीवर हवा भरभर संपते, आम्हाला वर निघावं लागलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ही जात आज धोक्यात आहे, जाळ्यात आणि गळावर सापडून संपत चालली आहे.

शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास विमानात बसायचं नसतं, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तो वेळ मी तळ्याकाठी आणि बंदरावर घालवला.

घरी आल्यावर बाबांनी मोबाइलवरचा व्हिडिओ दोनदा पाहिला. शार्कबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “तिथले ढिवर हे मासे मारत नाई का?”

मी त्यांना गाइडकडून ऐकलेलं सांगितलं. त्याचे आजोबा शार्क मारायचे. शार्कच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडायचे, म्हणजे लाकूड टिकायचं. 2010 साली मालदीवने सगळ्या देशात शार्क मारायला बंदी घातली. इथले लोक आता गळाने एकेक करून ट्यूना पकडतात, आणि नातू तेच शार्क पाहुण्यांना दाखवून घर चालवतो.

“सगळ्याइचे नातू थोडी गाइड झाले असतीन,” बाबा म्हणाले. “ज्याचा नातू नाई झाला, त्याच्या पोटाचं काय झालं?”

हे मी तिथे विचारलं नव्हतं, आणि बाबांना त्याचं उत्तर हवं होतं. वाघ पाहायला येणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून जातात. जिप्सी, गाइड, रिसॉर्ट ह्यांत ज्या गावांची पोरं लागली त्या गावांना वाघ परवडतो. आमच्या गावात कुणी लागलेलं नाही. पहाटे पारीवर वाघाचे पंजे उमटलेले असतात म्हणून बाबा आणि त्यांचे सोबती उजाडल्याशिवाय जाळं काढायला जात नाहीत. तोवर अर्धा मासा कासवं खातात. तलावात गाळ इतका साचलाय की माघातच तुडूम उघडं पडतं.

बाबांनी मोबाइल परत दिला आणि संस्थेच्या अर्जाचा कागद काढला. पर्यटनातून जमा होणाऱ्या पैशातून आमच्या तलावाचा गाळ काढून द्यावा, अशी मागणी त्यात घालायची आहे. मजकूर मी लिहून दिला. पुढच्या सोमवारी सभासदांच्या सह्या घेऊन तो द्यायला जायचं आहे, आणि मी रजा टाकली आहे.